डोंबिवलीचा झेवियराइट

दर जूनमध्ये डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या फास्ट लोकलमध्ये असा एक तरी नवा मुलगा चढतोच. पाठीवर सॅक सगळ्यांच्याच असते, पण याच्या सॅकमध्ये कॅल्क्युलेटर नाही आणि ड्रॉइंगची नळीही नाही. गळ्यात हेडफोन, हातात इंग्रजी कादंबरी आणि तिचं मुखपृष्ठ समोरच्याला नीट वाचता येईल अशा बेताने धरलेलं. ठाणं गेलं तरी पान उलटत नाही. गर्दीकडे तो टक लावून बघत असतो, पण कोण कुठे उतरणार याचा हिशेब त्याच्या डोक्यात नसतो. चौथ्या सीटवर अर्ध्या बुडाने टेकलेला गृहस्थ त्याला गृहस्थ दिसत नाही, 'फ्रेम' दिसते. मध्येच तो दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून हवेत चौकोन धरतो आणि एक डोळा मिटतो. एकदा अशाच एका चौकोनासमोर बसलेल्या आजोबांनी त्याला विचारलं, "कसलं माप घेतोस रे, पडद्याचं?"

हा मास मीडियाला असतो. सेंट झेवियर्सला.

मी आयुष्यभर एका मराठी दैनिकात मुद्रितं तपासली. म्हणजे दुसऱ्यांच्या वेलांट्या जागेवर बसवल्या. पण आमच्या सोसायटीच्या लेखी 'मीडियातला माणूस' मीच. त्यामुळे बिल्डिंगमधल्या कोणत्याही मुलाने हा कोर्स घेतला की आईवडील त्याला पेढ्यांसकट माझ्याकडे धाडतात. असे बरेच पाहिले. कोणी ए विंगमधला, कोणी मागच्या गल्लीतला. नाव कोणतंही घाला, मजकूर तोच. म्हणून मी नाव घालतच नाही, चिरंजीव म्हणतो.

चिरंजीवांना बारावीला बरे गुण असतात. नातेवाइकांना हळहळता येईल इतपत बरे. "एवढ्या मार्कांत इंजिनिअरिंग आरामात मिळालं असतं हो," असं आत्या फोनवर म्हणते आणि मग मुद्द्याचं विचारते, "पण त्यात करतात काय?" याचं उत्तर वडिलांना पाठ झालेलं नसतं. मुंबई विद्यापीठाने हा कोर्स काढला तेव्हा त्याचं नाव होतं बॅचलर ऑफ मास मीडिया, बीएमएम. ते लोकांच्या तोंडी जरा बसतंय तोवर २०१९ साली विद्यापीठाने त्याचं लांबलचक बॅचलर ऑफ आर्ट्स इन मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन करून टाकलं. वडील बँकेतले. त्यांनी विचार करून "मीडिया" एवढंच सांगायचं ठरवलं. पुढचा प्रश्न आलाच तर "ॲडव्हर्टायझिंगपण असतं त्यात" हे वाक्य राखीव.

कॉलेज ख्रिश्चन आहे याची घरात कोणालाच काळजी नसते. उलट या सगळ्या प्रकरणात तेवढाच काय तो दिलासा. "फादर लोकांच्यात शिस्त असते हो," असं आजी म्हणते. आजीचा आणि फादर लोकांचा संबंध पूर्वी एकदा माउंट मेरीची जत्रा पाहिली तेवढाच. पण डोंबिवलीच्या मध्यमवर्गाची जेझुइटांवर जी श्रद्धा आहे ती स्वतःच्या कुलदैवतावरही नसेल. कुलदैवत ॲडमिशन देत नाही. १८६९ साली सुरू झालेलं कॉलेज, धोबीतलावची ती दगडी कमानींची इमारत, मधला प्रशस्त चौक, सगळं बघून आल्यावर वडिलांनी एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवली. गावसकर तिथला. शबाना आझमी आणि फारूख शेखही तिथलेच, पण बँकेतल्या स्टाफचं तोंड बंद करायला गावसकर पुरतो.

पहिले दोन महिने चिरंजीव कॉलेजात फारसं बोलत नाहीत. हा काळ कान तयार करण्याचा. वांद्र्याची आणि पेडर रोडची मुलं इंग्रजी बोलताना वाक्य कुठे अर्धं सोडतात, खांदे कधी उडवतात, हे ते टिपून घेतात. मराठी माध्यमात दहावीपर्यंत शिकल्यामुळे त्यांचं व्याकरण वास्तविक त्या सगळ्यांपेक्षा चोख. तीच पंचाईत होते. ते पूर्ण वाक्यं बोलतात. ऑगस्ट उजाडेपर्यंत हा दोष गेलेला असतो. मग माझ्याकडे येऊन, "काका, इट्स लाइक... म्हणजे... यू नो?" एवढं झालं की आशय पोचला असं समजून ते बिस्किट उचलतात.

पत्त्याचाही प्रश्न असतो. पहिल्या आठवड्यात कोणीतरी विचारतं, कुठे राहतोस. 'डोंबिवली' हा शब्द घशापर्यंत येतो आणि बाहेर पडताना 'नियर ठाणे' होतो. मधली चार स्टेशनं एका शब्दात पार. आईने दिलेला डबाही असाच मधल्या मध्ये गडप होतो. मेथीची भाजी आणि पोळ्या परतीच्या गाडीत, घाटकोपर गेल्यावर, दारात उभं राहून संपवल्या जातात. डबा रोज रिकामा येतो म्हणून आई खूश.

या सगळ्या बंदोबस्ताला वर्गातली एक वसईची मुलगी सुरुंग लावते. नावाने, धर्माने, चर्चने अस्सल ख्रिस्ती. तिच्याशी बोलताना चिरंजीव आपलं सर्वोत्तम इंग्रजी बाहेर काढतात आणि ती कॅन्टीनच्या रांगेत खणखणीत मराठीत विचारते, "तुझ्याकडे सुटे आहेत का रे?" घरी सामवेदी बोलणारी, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी वर्षानुवर्षं संपादित केलेल्या 'सुवार्ता' मासिकावर वाढलेली ती पोर. ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा, २०२० साली, तिच्या गावात कोणी पेढे वाटले आणि कोणी केक कापला याची तिच्याकडे सविस्तर माहिती. चिरंजीवांना संमेलन झालं हेच ठाऊक नव्हतं. ते त्या आठवड्यात कोरियन सिनेमा बघत होते.

पहिल्या सत्रात सिद्धान्त येतात आणि घराची शांतता जाते. १९४८ साली हॅरल्ड लासवेल या अमेरिकन अभ्यासकाने संज्ञापनाचा सगळा पसारा पाच प्रश्नांत आणून बसवला. कोण बोलतं, काय बोलतं, कुठल्या माध्यमातून, कोणाशी, आणि परिणाम काय होतो. त्याच वर्षी क्लॉड शॅनन या गणितज्ञाने संदेश पोचता पोचता मध्ये घुसणाऱ्या 'नॉइज'ची मांडणी केली. शॅननच्या डोक्यात टेलिफोनच्या तारा होत्या. चिरंजीवांच्या डोक्यात आईचा मिक्सर. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "ताटं घे रे!" हे सोफ्यावरून म्हणाले, "आई, सेंडर तू, रिसीव्हर मी, पण चॅनेलमध्ये नॉइज आहे." आईने मिक्सर बंद केला. बाहेर आली. तेच वाक्य हळू आवाजात पुन्हा म्हणाली आणि पुढे जोडलं, "आता नॉइज नाहीये. परिणाम दाखव."

ताटं घेतली गेली.

वडिलांची पाळी मार्शल मॅक्लुहानच्या वेळी आली. हा कॅनडाचा प्राध्यापक टोरांटोच्या सेंट मायकल्स या कॅथलिक कॉलेजातच शिकवायचा, त्यामुळे चिरंजीवांना तो घरचाच वाटू लागला होता. माणसं माध्यमातून काय सांगतात यापेक्षा माध्यम स्वतः माणसांचं काय करून ठेवतं ते बघा, असं त्याचं १९६४ सालचं सांगणं. चिरंजीवांनी ते नवा फोन मागण्यासाठी वापरलं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जुन्या फोनने तुझं काय करून ठेवलंय ते दिसतंच आहे. नवा कशाला?"

आजीशी मात्र त्यांचं जमतं, कारण आजीला सिद्धान्त नकोत, गोष्टी हव्यात, आणि कॅथलिक परंपरेत गोष्टींना तोटा नाही. एके दिवशी चिरंजीव सांगत आले की चर्चने टीव्हीलासुद्धा एक संत नेमून दिली आहे. असिसीची क्लेअर. तेराव्या शतकातली ही जोगीण नाताळच्या रात्री आजारी पडली, प्रार्थनेला जाता येईना, तर अंथरुणावरूनच तिला खोलीच्या भिंतीवर तो सगळा सोहळा दिसला आणि ऐकू आला. म्हणून १९५८ साली पोप बाराव्या पायसने तिला दूरचित्रवाणीची पालक संत ठरवलं. आजीने हात जोडले. मग म्हणाली, "तिला म्हणावं, आपला सेट-टॉप बॉक्स दोन दिवस बंद आहे, तेवढं बघ."

हसण्यावारी नेण्यासारखं हे प्रकरण नाही, हे मला मुद्दाम सांगायला हवं. माध्यमांचा विचार करायला आपल्याकडच्या विद्यापीठांना बराच उशीर लागला. कॅथलिक चर्चने १९६३ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, प्रसारमाध्यमांवर स्वतंत्र ठरावच केला होता. झेवियर्सच्या आवारात झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स १९६९ पासून उभी आहे. तेव्हा मुंबईत दूरदर्शनही आलेलं नव्हतं, ते आलं १९७२ला. म्हणजे पोहायचे वर्ग आधी आणि तलाव मागाहून. पण यातलं काही चिरंजीवांना सांगायला जावं तर ते सिलॅबसमध्ये नसतं.

सिलॅबसमध्ये एकदा मुद्रणाचा इतिहास आला. रात्री नऊ वाजता दारात. "काका, हिस्ट्री ऑफ प्रिंट. उद्या सकाळी सबमिशन." मी चष्मा लावला. माझ्या आवडीचा विषय, आणि ऐकणारा उठून जाऊ शकत नाही असा योग कधी येतो!

म्हटलं, ऐक. छापखाना या देशात आला तो इथे राहायला आलाच नव्हता. पोर्तुगालहून निघालेलं ते यंत्र जायचं होतं ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियात. १५५६ साली वाटेत गोव्याला उतरलं आणि तिथेच राहिलं. कुठे बसवलं? जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात. म्हणजे ख्रिश्चन कॉलेज आणि मीडिया हे तुमचं लग्न तेव्हाचं. पुढे १५७९ला तिथे थॉमस स्टीफन्स नावाचा जेझुइट उतरला. जन्माने इंग्रज. तो इथली भाषा शिकला, आणि ती काही मासळीबाजारात भाव करण्यापुरती नाही. आपल्या पुराणिकांच्या ओवीत ख्रिस्ताची कथा सांगता येईल इतकी. सुमारे अकरा हजार ओव्या लिहिल्या पठ्ठ्याने. ते ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं, आणि तेही रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे हाताशी नव्हते. मग अमेरिकन मिशनने १८४२ साली अहमदनगरला 'ज्ञानोदय' काढलं. त्याच्या मराठी विभागाचं संपादन पुढे रेव्हरंड टिळकांनी केलं. आपले ना. वा. टिळक. लक्ष्मीबाईंचे.

"सो कूल," चिरंजीव म्हणाले. अंगठे फोनवर भराभर चालले होते. मी डोकावलो. पडद्यावर ओळ उमटत होती, आणि तिचं एकेक अक्षर एबीसीडीतलं. काका म्हणाले की स्टीफन्सने मराठी रोमनमध्ये लिहिलं, हे वाक्य माझ्या शेजारी बसलेला डोंबिवलीचा मुलगा मराठीत लिहीत होता, रोमनमध्ये. चारशे वर्षांनी. खिळे हाताशी असून.

वर्गात सादरीकरण उत्तम झालं म्हणे. स्लाइड्स देखण्या, उच्चार झकास. शेवटी शिकवणाऱ्या फादरनी पुस्तक पुढे केलं आणि एखादी ओवी वाचून दाखव म्हणाले. चिरंजीव पहिल्याच चरणात अडखळले. वसईच्या मुलीने पुस्तक हातातून घेतलं आणि चालीवर म्हणून दाखवली. बाहेर व्हरांड्यात फादरनी त्यांना गाठलं आणि सरळ मराठीत विचारलं, "तू डोंबिवलीचा ना? मग नियर ठाणे कशाला म्हणतोस? एवढं मोठं गाव आहे." चिरंजीवांनी मला हे सांगितलं ते तक्रारीच्या सुरात. कॉलेजात असं कोणाच्या मातृभाषेत एकदम शिरू नये, असं त्यांचं म्हणणं पडलं.

दुसऱ्या वर्षी डॉक्युमेंटरी. विषय नेहमी 'न दिसणारी माणसं' हा असतो. ही माणसं चिरंजीवांना तेव्हाच दिसू लागलेली असतात, त्यामुळे शोध ताजा. त्यांनी निवडला स्टेशनबाहेरचा पेपरवाला. पहाटे साडेचारला हे ट्रायपॉडसकट हजर. मीही गेलो, कारण तो पेपरवाला माझा जुना दोस्त.

बघण्यासारखं खरंच होतं. गठ्ठ्यांच्या सुतळ्या तो ब्लेडने एका ओढीत कापत होता. मुख्य अंक डाव्या मांडीवर, पुरवणी उजव्या हाताला, जाहिरातीची पत्रकं पायाशी. अंक अंगठ्याने उघडायचा, पुरवणी आत, पत्रक पुरवणीच्या आत, घडी, बाजूला. एका अंकाला श्वास घेण्याएवढाही वेळ नाही. मान वर न करता कोणाच्या घरी कोणता पेपर आणि कोणाचे दोन महिन्यांचे पैसे थकलेत हे तोंडाने चालू. चिरंजीव म्हणाले, "काका, जरा हळू करता का? आणि चेहरा थोडा... म्हणजे, थकलेला?"

"थकायला वेळ कुठाय?" तो म्हणाला. "सहाच्या आत लाइन निघाली पाहिजे."

चिरंजीवांनी त्याला बोलतं करावं म्हणून पत्रकारांच्या संताची गोष्ट सांगितली. फ्रान्सिस डी सेल्स. चारशे वर्षांपूर्वी लोक याचं प्रवचन ऐकायला येईनात, तेव्हा हा मतं कागदावर लिहून ती पत्रकं लोकांच्या दाराखालून आत सरकवायचा. १९२३ साली पोपने त्याला लेखक-पत्रकारांचा पालक संत केलं. पेपरवाल्याचा हात पहिल्यांदाच थांबला. त्याने गंभीरपणे विचारलं, "शेकडा काय घ्यायचा?"

हा प्रश्न फिल्ममध्ये नाही. तिथे संथ संगीत आहे आणि निळसर पहाट आहे. आणि पेपरवाला वर्तमानपत्राच्या मरणाबद्दल चिंतन करतोय असं वाटावं इतका वेळ त्याचा चेहरा पडद्यावर आहे. प्रत्यक्षात त्या क्षणी तो चहावाल्याची वाट बघत होता.

ऑगस्टमध्ये मल्हार. झेवियर्सचा हा महोत्सव १९७९ पासूनचा, आणि ज्याने त्यात काम केलं तो वर्षभर दुसरं काही बोलत नाही. चिरंजीव स्वयंसेवकांच्या कितव्या तरी फळीत असतात, पण गळ्यातलं ओळखपत्र पार डोंबिवलीपर्यंत येतं, घरी जेवतानाही असतं. त्याच तिरमिरीत ते सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या मीटिंगला आले. सेक्रेटरी वर्गणीचा हिशेब वाचत होते. चिरंजीव उभे राहिले. "सर, आपला टार्गेट ऑडियन्स कोण आहे?"

सेक्रेटरींनी चष्म्यावरून बघितलं. "ए, बी आणि सी विंग."

"आणि मीडिया पार्टनर?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

शेवटी प्रसिद्धी त्यांच्याकडे सोपवली. तीन दिवसांत फ्लेक्स आला. रंगसंगती अप्रतिम, गणपती रेषांचा, आधुनिक, मला तर फार आवडला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं 'गणेशोस्तव'. मी म्हटलं, "अरे, त आणि स उलटे झालेत." चिरंजीवांनी मान तिरकी करून बघितलं. "काका, तो फाँटच तसा आहे."

विसर्जनापर्यंत तो फाँट तसाच होता.

तिसऱ्या वर्षी इंटर्नशिप. इंग्रजी वाहिन्यांवर आणि मोठ्या प्रॉडक्शन हाउसांत वांद्रे-पेडर रोड आधीच बसलेलं असतं. चिरंजीवांना जागा मिळते मराठी वृत्तवाहिनीत. पैसे? "स्टायपेंड नाहीये काका, पण एक्स्पोजर खूप आहे." वडिलांनी हा शब्द पासबुकात कुठे लिहितात ते विचारलं. चिरंजीवांची कल्पना अशी होती की हातात बूम घेऊन मंत्रालयाच्या पायऱ्यांवर उभं राहायचं. बसवलं रात्रपाळीला, पट्टीवर. टीव्हीच्या तळाशी जी बातमीची ओळ सरपटत जाते ती पट्टी. ती कोणीतरी टाइप करत असतं हेच पुष्कळांना माहीत नसतं. तिथे रोमन चालत नाही, फाँटचं कारण चालत नाही, आणि चूक झाली तर ती अख्ख्या महाराष्ट्रापुढून दर दोन मिनिटांनी जाते.

त्या दिवसांत माझा फोन रात्री दोनला वाजायचा. "काका, दुरुस्तीतला रु पहिला का दुसरा?" "पहिला. दोन्ही पहिले." "शिरूरचा?" "दुसरा." "आणि दापोलीत पूर आला, त्यातला?" म्हटलं, "दुसरा. पण आधी पूर खरंच आलाय का ते विचार." बायको म्हणाली, तुम्ही निवृत्त झालात ना? पण खरं सांगायचं तर मला ते बरं वाटायचं. पुढे फोन कमी झाले. मग एका रात्री मीच टीव्ही लावून बसलो आणि तासभर पट्टी वाचली. एकही वेलांटी चुकली नव्हती. एका ठिकाणी अनुस्वाराबद्दल मला शंका आली, पुस्तक काढून बघितलं, तर पोराचं बरोबर होतं.

अर्थात चिरंजीवांना यात काही विशेष वाटलं नाही. त्यांचं लक्ष जाहिरातीकडे. पदवी झाल्यावर लोअर परळच्या एका एजन्सीत लागले. तिकडची रीत अशी, की विचार इंग्रजीत होतो, त्याची हिंदी होते, आणि हिंदीची मराठी कोणाच्या तरी कॉम्प्युटरमधून पडते. 'आपल्या केसांना द्या मजबुतीची ताकद' वगैरे. अशा एका बैठकीत चिरंजीवांनी सहज सुचवलं की असं मराठीत कोणी म्हणत नाही. खोलीत शांतता पसरली. मराठी येणारा माणूस इतके दिवस याच मजल्यावर बसतो हे कोणाला माहीत नव्हतं. महिन्याभरात व्हिजिटिंग कार्डावर आलं, 'लीड, रीजनल'.

आता ते बैठकीत स्वतःहून सांगतात, "आय ॲम फ्रॉम डोंबिवली." छाती काढून. साहेब लोक माना डोलावतात, कारण त्यांच्या नकाशात डोंबिवली म्हणजे हार्टलँड. कापसाचं बियाणं असो की ट्रॅक्टरचं तेल, फाइल यांच्या टेबलावर. "तुमच्याकडे शेतकरी याला काय म्हणतात?" असं विचारतात. चिरंजीवांनी माती पाहिली ती गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत. पण ते डोळे किंचित मिटतात, लांबवर बघितल्यासारखं करतात आणि म्हणतात, "लेट मी चेक विथ द ग्राउंड."

ग्राउंड म्हणजे मी. ग्राउंड फ्लोअरला राहतो हे त्यातल्या त्यात खरं.

परवा रविवारी दुपारी ऐन झोपेत फोन. "काका, अर्जंट आहे. शेतीचा पंप आहे. तो विहिरीतलं पाणी खेचतो की ओढतो?"

"उपसतो," मी डोळे न उघडता म्हणालो.

पलीकडे काही क्षण आवाज नाही. मग चिरंजीव हलक्या आवाजात म्हणाले, "काका, धिस इज गोल्ड. क्लायंट वेडा होणार."

मी उठून बसलो. म्हटलं, "होऊ दे. पण मला सांग, अशा शब्दाचे तुमच्याकडे काय देतात?"

"बजेट लॉक झालंय हो काका. पण एक्स्पोजर बघा ना. अख्ख्या महाराष्ट्रात एसटीच्या पाठीवर तुमचा शब्द जाणार."

"माझं नाव असेल का त्याखाली?"

"नाही, जाहिरातीत नाव नसतं."

"मग असं कर. एक्स्पोजर तुला राहू दे. मला शब्दामागे एक प्लेट मिसळ. स्टेशनजवळ. जास्तीचा पाव धरून."

चिरंजीव विचारात पडले. मागे कोणाला तरी त्यांनी इंग्रजीत काही विचारलेलं ऐकू आलं. परत फोनवर आले.

"चालेल काका. फक्त तो मिसळवाला जीएसटीचं बिल देईल ना?"